नेपल्समधून तडीपार

महसूल खात्यात बत्तीस वर्षे इमानेइतबारे चाकरी करून नायब तहसीलदाराच्या खुर्चीवरून निवृत्त झालेल्या, अंगाने काडीसारख्या, जाड भिंगांचा चष्मा वापरणाऱ्या आणि आषाढ असो की वैशाख, काळी छत्री बगलेत धरल्यावाचून उंबरठा न ओलांडणाऱ्या गृहस्थाने परदेशप्रवास करू नये, असा कोणताही लेखी हुकूम सरकारदप्तरी नाही; तो असता, तर पुढचा सर्व अनर्थ टळला असता. भाचा मिलान शहरी नोकरीला होता, तिकिटे त्याने काढली होती, आणि इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई पाहण्याची मला शाळेपासून हौस होती; कारण ज्याच्या हद्दी दोन हजार वर्षे जागच्या जागी राहिल्या आणि जेथे एकही अतिक्रमण झाले नाही, असे गावठाण पाहण्याचा योग आमच्या खात्यातल्या माणसाला एरवी येत नाही. पॉम्पेई पाहिले. ऊन फार होते.

नेपल्सला आम्ही उतरलो तो दिवस १५ एप्रिल २०२३, शनिवार. स्पॅनिश वस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरुंद बोळांच्या मोहल्ल्यात, चौथ्या मजल्यावर, एका विधवा बाईंच्या घरातली खोली भाच्याने आमच्यासाठी ठरविली होती. जिन्याला पायऱ्या किती, हे मी मोजले नाही. मोजण्यास लागणारा श्वास उरला नव्हता. बाईंनी दार उघडले, माझ्या चष्म्याकडे पाहिले, छत्रीकडे पाहिले, आणि आपण कोठून आलात असे विचारले असता मी सरळपणे ‘मिलानहून’ असे उत्तर दिले. त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला, की जणू मी वारसनोंदीवर हरकत घ्यायला आलो आहे.

सौभाग्यवतींचे लक्ष मात्र दाराच्या चौकटीकडे होते. तेथे एक लाल, टोकदार, किंचित वाकडी वस्तू टांगलेली होती. तशीच वस्तू आम्ही स्टेशनापासून प्रत्येक दुकानात, मोटारीच्या आरशाखाली, किल्ल्यांच्या जुडग्यात आणि पुरुषांच्या गळ्यातल्या साखळीत पाहत आलो होतो.

“अहो, मिरच्या गावभर, आणि लिंबू एकाही दारात नाही,” सौ. म्हणाल्या. “अर्धवट काम.”

ती मिरची नव्हे, शिंग. ‘कोर्नो’ हे त्याचे नाव. दृष्ट लागू नये म्हणून ते बाळगतात, आणि स्वतः विकत घेतलेल्या शिंगाला गुण नसतो, ते दुसऱ्याने दिलेले असावे लागते. ही माहिती घरमालकीणबाईंच्या नातवाने दिली. हा मुलगा १२२४ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठात कायदा शिकत होता, बरे इंग्रजी बोलत होता, आणि चष्मा दिसल्याबरोबर मला ‘प्रोफेस्सोरे’ म्हणू लागला होता. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी त्या विषयावर मी सव्वा तास भाषण केले होते. तेव्हा शिंगाकडे पाहून मी जे स्मित केले, ते कसे होते याची कल्पना वाचकांना येईल. त्या स्मिताची किंमत मला पुढे चुकती करावी लागली.

शहर त्या दिवसांत निळ्या रंगात बुडाले होते. बोळाच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वरून, निळ्या-पांढऱ्या पताका गेलेल्या. चौकाचौकात खेळाडूंचे पुठ्ठ्याचे पुतळे. आणि भिंतींवर तीनचा आकडा. फुटबॉलमधले इटलीचे राष्ट्रीय विजेतेपद नापोलीने, म्हणजे या शहराच्या संघाने, पूर्वी दोनदाच जिंकले होते, १९८७ आणि १९९० साली, दोन्ही वेळा मॅराडोना नावाच्या त्या बुटक्या अर्जेंटिनी अवताराच्या बळावर. आणि आता तिसरे विजेतेपद चौदा गुणांच्या आघाडीने दाराशी येऊन उभे होते. त्याबद्दल बोलायला लाजण्यासारखे काही उरले नव्हते. (मॅराडोनाचे भित्तिचित्र आमच्या बोळापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याचा एक केस देव्हाऱ्यात ठेवलेले उपाहारगृहही जवळच. दोन्ही पाहिली. केस काळा आहे.)

परंतु मंगळवारी, १८ तारखेला, जे व्हायचे होते, त्याचा विषय काढताच तोच बडबड्या मोहल्ला एकदम मुका होई. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत हा संघ आयुष्यात प्रथमच पोहोचला होता, आणि प्रतिपक्षी होता सात वेळा युरोप जिंकलेला मिलान. १२ तारखेला मिलानमध्ये झालेला पहिला सामना एका गोलाने गेला होता. त्यात नापोलीचा आंगीसा हद्दपार झाला आणि कोरियाचा किम पिवळ्या कार्डांच्या हिशोबात सापडला, म्हणजे परतीच्या सामन्याला दोघेही बाद. त्याआधी, २ एप्रिलला, याच मिलानने नेपल्सच्या घरच्या मैदानावर चार-शून्य अशी फजिती केलेली. उलट बाजूला जमेस काय? तर मांडी दुखावल्यामुळे त्या दोन्ही सामन्यांना मुकलेला आघाडीचा खेळाडू ओसिमेन परतत होता; याच संघाने शरद ऋतूत लिव्हरपूलला ४–१ आणि अॅमस्टरडॅमला जाऊन आयाक्सला ६–१ असे धुतले होते; आणि तूट अवघी एका गोलाची होती.

मी या सर्व बाबींची एका कागदावर रुजवात घातली. जमाखर्च पाहता निकाल स्पष्ट होता. तो स्पष्ट आहे हे मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला माझ्याहून अधिक ठाऊक होते. पण कोणाला विचारले, ‘मंगळवारी काय होईल?’, की खांदे वर जात, ओठ खाली येत, आणि एकच शब्द निघे: ‘स्पेरियामो’, आशा करू या. आपल्या कचेऱ्यांत ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. तेथे ‘स्पेरियामो’ म्हणजे ‘होय’, आणि तो ‘होय’ उच्चारायचा नाही. म्हातारे लोक फार तर १९८९ चा दाखला देत, तोही आवाज खाली आणून: त्या वर्षी युवेफा चषकात युव्हेंटसकडून बाहेरगावी दोन गोलांनी हरल्यावर घरी तीन गोल करून सामना फिरविला, आणि तिसरा गोल रेनिकाने जादा वेळेच्या अगदी शेवटी केला. तेवढा एकच चषक युरोपातून या गावी आला. दाखला सांगून झाला, की सांगणारा लगेच २०१२ चे चेल्सीप्रकरण सांगे. घरी ३–१ जिंकून लंडनला ४–१ हरलो, असे म्हणून तो आधीच्या आशेवर पाणी शिंपडून घेई, जणू काय ती पेट घेईल.

नातवाने मला गुप्तपणे सांगितले, की आजीने शुक्रवारीच फेसाळत्या मद्याची एक बाटली आणून पलंगाखाली सारून ठेवली आहे, आणि विचारले तर ती औषध आहे असे म्हणते.

हे ऐकून मी काही वेळ बोललो नाही. माझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या आदल्या दिवशी आमच्या आईने अर्धा शेर साखर आणून फडताळात मागे लपविली होती. घरात साखर महिन्यातून एकदाच येई, आणि तो दिवस नव्हता. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, मुंग्यांना घालायची आहे.

एवढे समजत असूनही रविवारी सकाळी मी जे केले, त्याला क्षमा नाही.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात उभ्याउभ्या कॉफी पिण्याची रीत आहे. आधी पेलाभर पाणी, मग चमचाभर काळा अर्क, जो पिऊन माणूस दुपारपर्यंत स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजत राहतो. आदल्या संध्याकाळी व्हेरोनाशी सामना शून्य-शून्य सुटला होता. ओसिमेन थोडाच वेळ खेळला आणि त्याचा एक फटका आडव्या दांडीवर आदळला. दहाबारा माणसे याचा अर्थ शुभ की अशुभ यावर दबल्या आवाजात खल करीत होती. मी माझा कागद काढला. नातवाला दुभाषी नेमले. आणि तालुक्याच्या सभेत आणेवारी वाचून दाखवावी त्या खणखणीत स्वरात म्हणालो, “चिंता कसली करता? ओसिमेन परत आला. मंगळवारी तुम्ही तीन-शून्य जिंकणार. लिहून देतो.”

नातवाने भाषांतर केले नाही. त्याची गरजही पडली नाही, कारण तीन बोटे, एक शून्य आणि ‘ओसिमेन’ एवढ्यात मजकूर पोचला होता. कॉफीच्या यंत्राची वाफ तेवढी फुसफुसत राहिली. मालकाने हात मागे नेऊन यंत्राचा लोखंडी पाय धरला. एकाने तर्जनी आणि करंगळी ताठ करून ती जमिनीकडे रोखली. उरलेल्या सर्व पुरुषांचे उजवे हात एकाच लयीत खाली गेले आणि शरीराच्या अशा भागाला स्पर्श करते झाले, ज्याचा उल्लेख मामलेदार कचेरीच्या कोणत्याही टिपणीत करता येत नाही. मला वाटले, ही काही देशभक्तीची सलामी असावी. म्हणून मीही छत्री उंचावली.

बाहेर आल्यावर नातवाने खुलासा केला. त्या गावात ‘येत्तातोरे’ नावाचा एक मनुष्यप्रकार मानतात. तो दुष्ट नसतो, त्याच्या मनात काही वाईटही नसते; तो केवळ पाहतो, स्तुती करतो, शुभेच्छा देतो, आणि वस्तूचे वाटोळे होते. अंगाने कृश, वर्ण फिका, वेष काळपट, नाकावर चष्मा आणि विद्येची थोडीशी घमेंड, अशी त्याची परंपरागत लक्षणे सांगतात. वर्ण सोडला, तर बाकीचा मजकूर माझ्या पासपोर्टावरून उतरून घेतल्यासारखा होता. निकोला व्हालेत्ता नावाच्या कायदेपंडिताने १७८७ मध्ये या विषयावर खास पुस्तक लिहिले, आणि शेवटी वाचकांपुढे प्रश्नावलीच मांडली: बाधा पुरुषाची अधिक की स्त्रीची, केसांचा टोप घालणाऱ्याची अधिक की चष्मा लावणाऱ्याची? आमच्या खात्यातल्या कोणत्याही परिपत्रकाला शोभेल अशी ही माहिती मागविण्याची पद्धत पाहून मला त्या गृहस्थाबद्दल आदर वाटला, आणि चष्मा काढून खिशात ठेवावासा वाटला. पिरांदेल्लोने तर अशा बदनाम माणसाची कथा लिहिली आहे, जो कोर्टाकडे आपल्या अपशकुनीपणाची रीतसर सनद मागतो. एकदा सरकारी शिक्का मिळाला, की लोक त्याला दूर ठेवण्यासाठी पैसे तरी देतील. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाला ही कल्पना अगदीच त्याज्य वाटत नाही.

दुपारपर्यंत बातमी चारही मजले चढली. घरमालकीणबाईंनी मला खुर्चीवर बसविले, पाण्याने भरलेली बशी समोर ठेवली, काही पुटपुटत तीत ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडले आणि ते पसरताना पाहून कपाळावर हात मारला. दृष्ट होती, आणि ती मला लागलेली नसून मी लावलेली होती. येथे सौभाग्यवतींना राहवले नाही. माझ्या अंगी अनेक दोष आहेत असे त्यांचे जाहीर मत असले, तरी ते दोष परक्या बाईने काढावेत हे त्यांना मंजूर नव्हते. “थांबा हो ताई, असं तेलानं काही कळायचं नाही,” असे शुद्ध मराठीत सांगून त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तेथे वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ होती, मीठ होते, आणि मोहरी आमच्या सामानातून निघाली. या अंधश्रद्धेविरुद्ध सव्वा तास बोललेला माणूस निमूट बसला, आणि त्याच्यावरून मीठ-मोहरी-मिरच्या तीनदा उतरून लोखंडी तव्यावर टाकण्यात आल्या.

ज्या मिरचीला आपल्या घाटावरची मिरचीही काका म्हणेल, तिचा तो धूर होता. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, तेथून जिन्यात, जिन्यातून वर-खाली असा तो पसरला, आणि दोन मिनिटांत ती सबंध इमारत शिंकत, खोकत, डोळे पुसत, मुलेबाळे आणि एका मांजरासह खाली बोळात येऊन उभी राहिली. तशाही अवस्थेत सौ. विजयी मुद्रेने सांगत होत्या, की मिरचीचा ठसका लागला याचा अर्थ दृष्ट मुळीच नाही. ती असती, तर ठसका लागलाच नसता. सबब यांची निर्दोष मुक्तता व्हावी. शास्त्र बरोबर होते. पण ते शास्त्र समजावून सांगण्याजोगा दुभाषी त्या वेळी नळाखाली डोके धरून बसला होता, आणि बोळात जमलेल्या पंचांनी पुराव्याचा उलटा अर्थ लावला: तोंड उघडले तर संघावर संकट, आणि स्वयंपाकघरात शिरला तर इमारतीवर.

निकाल सोमवारी रात्री नातवाने अत्यंत अदबीने कळविला. प्रोफेस्सोरेंनी मंगळवारी रात्री नऊपासून सामना संपेपर्यंत मोहल्ल्याच्या हद्दीत राहू नये. म्हणजे तडीपारी. मी स्वतः किती गावगुंडांच्या तडीपारीची कागदपत्रे रंगविली होती! सौभाग्यवतींना मात्र राहण्याची परवानगी होती. त्यांच्या कपाळावरचे लाल कुंकू बाईंना शुभ वाटले होते, आणि दोघींनी मिळून वांगी तळण्याचा बेत केला होता.

“जा हो,” सौ. म्हणाल्या, “छत्री न्या.”

मंगळवारी पावणेनऊला मी समुद्राकडे निघालो. रस्ते असे ओस, की ग्रहण लागले असावे. किनाऱ्यावर ‘अंड्याचा किल्ला’ उभा आहे. व्हर्जिल कवीने त्याच्या पायात एक जादूचे अंडे ठेवले आणि ते फुटले तर शहर बुडेल, अशी दंतकथा आहे. मी किल्ल्याकडे पाठ करून बसलो. उगाच जबाबदारी नको.

बाकावर आधीच एक म्हातारा बसला होता. त्यानेही सामना पाहत नसल्याची शरम माझ्यापासून लपविली, मी त्याच्यापासून. पण नऊ वाजता शहराच्या पोटातून पहिली गर्जना आली तेव्हा दोघांच्याही माना एकदम वळल्या आणि प्रकरण उघड झाले. तो बोटीवर खलाशी होता, मुंबईच्या गोदीत दोनतीनदा उतरला होता, आणि जहाजावरचे मोडके इंग्रजी त्याच्यापाशी होते. १९८९ च्या त्या सामन्याला तो मैदानात हजर होता. जादा वेळ संपत आली, शेवटची बस चुकेल म्हणून तो उठला, जिना उतरू लागला, आणि पाठीमागे स्टेडियम फुटावे तसा आवाज झाला. रेनिका. हजारोंत कदाचित एकटा तोच, ज्याने तो गोल पाहिला नाही. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला. त्या दिवसापासून महत्त्वाचा एकही सामना त्याने पाहिला नव्हता. नव्वदचे विजेतेपद नाही, चेल्सी नाही, काही नाही. चौतीस वर्षे. कोणी त्याला तडीपार केले नव्हते. तो आपणहून येऊन बसत होता.

मी छत्री मिटून बाजूला ठेवली.

सामना आम्ही कानांनी पाहिला. विसाव्या मिनिटानंतर अचानक स्मशानशांतता, म्हणजे मिलानला पेनल्टी. आणि लगेच अशी आरोळी, की समुद्रावरचे पक्षी उडाले. गोलरक्षक मेरेतने मिलानच्या जिरूचा फटका अडविला होता. म्हाताऱ्याने माझा गुडघा दाबला. मध्यंतरापूर्वी दुसरी शांतता आली, आणि तिच्यामागून काहीच आले नाही. त्याच जिरूने या वेळी चूक केली नव्हती. “दोन,” म्हाताऱ्याने बोटे दाखविली. आता दोन हवेत. मी तोंड उघडले, मग मिटले, आणि म्हणालो, “स्पेरियामो.” त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली, पहिल्याच प्रयत्नात उच्चार साधला असावा. शेवटच्या दहा मिनिटांत आशेचा एक मोठा लोट आला, नापोलीला पेनल्टी, आणि मग हजारो छात्यांतून एकाच वेळी निघालेला ‘ओऽऽ’, जो मी दुष्काळी भागात ढग येऊन निघून जाताना ऐकला आहे. क्वारात्स्खेलियाचा फटका मेन्याँने अडविला. अगदी अखेरीस ओसिमेनने गोल केला. १–१, एकूण २–१, मिलान पुढे, आम्ही घरी.

‘आम्ही’ हा शब्द मी कधीपासून वापरू लागलो, हे मला सांगता येत नाही.

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने हिशोब मांडला: तू नव्हतास, मी नव्हतो, तरी हरलो. “सो,” तो म्हणाला, “नॉट मी. नॉट यू.” चौतीस वर्षांनी निर्दोष सुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसावा, तो मला तेथे दिसला नाही. उठताना त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातले शिंग सोडविले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

घरी आलो तेव्हा वांगी झाकून ठेवली होती. बाटली पलंगाखाली परत गेली होती. मला कोणी एक शब्द बोलले नाही. उलट दुसऱ्या दिवशी कॉफीवाल्याने पैसे घेतले नाहीत, आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या वेळी मी कोठे असेन, एवढेच चौकशीपूर्वक विचारले. पुण्यास, असे सांगताच त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

पुण्यात ते शिंग सौभाग्यवतींनी दाराच्या चौकटीला बांधले आणि शेजारी एक लिंबू लावून काम पुरे केले. ३० एप्रिलला सालेर्नितानाविरुद्धचा सामना जिंकला की विजेतेपद पक्के, हे कळल्यामुळे मी त्या संध्याकाळी चहा घेता घेता केवळ शेवटची दहा मिनिटे मोबाइलवर गुण पाहिले. नापोली १–० पुढे होती. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला प्रतिपक्षाच्या दियाने बरोबरी केली. मी मोबाइल बंद केला. सौ. काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिले.

४ मे रोजी उदिने येथे बरोबरी झाली आणि तेवढीही पुरली. तेहतीस वर्षांनी विजेतेपद नेपल्सला परतले. हे मला सकाळी कळले. कारण आपल्याकडच्या सव्वाबाराला सामना सुरू व्हायचा होता, आणि बाराच्या आतच मी मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरून, छत्री घेऊन, सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसलो होतो. तेथे समुद्र नव्हता. तीन कुत्री होती. दूर कोठेतरी अंड्याच्या किल्ल्याजवळच्या बाकावर, निर्दोष सुटूनही, तोही येऊन बसला असणार याबद्दल मला शंका नव्हती.

पहारेकरी काठी आपटत आला. “साहेब, इतक्या रात्री? काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “बंदोबस्ताला आहे.”